तुमची खुर्ची जरा उसनी घेतो

2 मार्च 1629. लंडनजवळच्या वेस्टमिन्स्टरमध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटमधल्या हाउस ऑफ कॉमन्सचे सभासद जमले होते. सभापतीच्या खुर्चीत सर जॉन फिंच होता आणि त्याच्या खिशात राजाचा निरोप होता: सभा तहकूब करा. सभापती खुर्चीतून उठला की त्या दिवसाचं काम संपलं, असा तिथला रिवाज. फिंच उठायला लागला तोच डेन्झिल होल्स आणि बेंजामिन व्हॅलेंटाइन हे दोन सभासद पुढे धावले. त्यांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरलं आणि परत खुर्चीत दाबून बसवलं. "देवाशप्पथ, आम्ही उठेपर्यंत तुम्ही उठायचं नाही," असं होल्सने सुनावलं. फिंच रडायला लागला. मी तुमचा सेवक आहे तसा राजाचाही आहे, ठराव मांडणार नाही असं म्हणत नाही, पण माझी हिंमत होत नाही, अशा विनवण्या त्याने केल्या.

दाराला आतून कुलूप घातलं गेलं. बाहेर राजाचा चोपदार दार ठोठावत होता. ठरावांचा कागद जॉन एलियट या सभासदाने वैतागून शेकोटीत टाकला होता, म्हणून होल्सने आठवले तसे तीन ठराव तोंडी म्हणून दाखवले. धर्मात नवी ढवळाढवळ करणारा, पार्लमेंटच्या मंजुरीशिवाय जकात वसूल करण्याचा सल्ला देणारा आणि अशी जकात आपखुशीने भरणारा, हे तिघेही राज्याचे शत्रू. सभासदांनी ओरडून होकार दिला आणि मग दार उघडलं.

इकडे शिवनेरीवर शिवरायांचा जन्म व्हायला अजून वर्षभर अवकाश होता. तिकडे इंग्लंडात चार्ल्स पहिला याला गादीवर येऊन चार वर्षं झाली होती. या दिवसापासून पुढची 13 वर्षं तो आणि पार्लमेंट यांच्यात जे चाललं ते 1642 मध्ये यादवी युद्धात संपलं आणि 1649 मध्ये चार्ल्सच्या शिरच्छेदापर्यंत गेलं. शाळेत हे सगळं 'जुलमी राजा विरुद्ध लोकांचे प्रतिनिधी' अशा एका ओळीत उरकतात. ती ओळ अगदीच खोटी नाही, पण तिने काही कळतही नाही. मला विचाराल तर हे भांडण पैशावरून सुरू झालं. चार्ल्सने प्रत्येक वेळी पैसा मिळवला तो बहुतेक कायद्याचं बोट धरूनच, आणि प्रत्येक वेळी त्यापायी थोडी पत घालवली. तिजोरी रिकामी होती त्यापेक्षा पत संपली हे त्याला जास्त महागात पडलं.

आधी पार्लमेंट म्हणजे तेव्हा काय होतं ते बघू. आज आपल्या डोळ्यांसमोर अधिवेशनं आणि पाच वर्षांची मुदत येते. तेव्हा यातलं काही नव्हतं. राजाला गरज पडली की तो पार्लमेंट बोलावणार आणि काम झालं, किंवा राग आला, की घरी पाठवणार. मधे कितीही वर्षं गेली तरी चालायचं. उमराव आणि बिशप यांचं एक सभागृह आणि निवडून आलेल्यांचं दुसरं, ते कॉमन्स. निवडून आलेले म्हणजे तरी कोण? गावोगावचे जमीनदार, वकील, व्यापारी. परगण्यात मत देण्यासाठी वर्षाला 40 शिलिंग उत्पन्नाची स्वतःची जमीन लागायची. बायकांना मत नाही, मजुराला नाही. तेव्हा हे सभागृह जनतेचं होतं असं म्हणताना जरा जपूनच म्हणावं. पण कर ज्यांच्या खिशातून निघायचा आणि गावात तो गोळा कोण करणार हे ज्यांच्या हातात होतं, ती माणसं मात्र तिथे बसलेली होती.

राजाने आपल्या खर्चाचं आपण बघावं, हा जुना शिरस्ता. राजाच्या खासगी जमिनींचा खंड, बंदरांवरची जकात, काही सरंजामी हक्काचे पैसे यांत दरबार चालायचा. युद्ध आलं की पार्लमेंट बोलवायचं आणि जादा कर मागायचा. त्या कराला 'सबसिडी' म्हणत. हो, तेव्हा सबसिडी म्हणजे प्रजेने राजाला द्यायची रक्कम. शब्दाने पुढे पूर्ण कोलांटउडी मारली. ही व्यवस्था 17व्या शतकापर्यंत पार मोडकळीला आली होती. शंभर वर्षांत महागाई वाढली होती, राजघराण्याच्या जमिनी आधीच्यांनी विकून खाल्ल्या होत्या आणि युद्धं मात्र फार खर्चिक झाली होती. हा दोष चार्ल्सचा नव्हे, त्याच्या वाट्याला ही तिजोरी अशीच आली.

1625 मध्ये त्याने पहिलं पार्लमेंट बोलावलं. नव्या राजाला आयात-निर्यातीवरची ठरावीक जकात तहहयात मंजूर करायची, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. कॉमन्सने ती एकाच वर्षापुरती द्यायचं ठरवलं, आणि तेही विधेयक उमरावांच्या सभागृहातून पुढे गेलं नाही. राजाच्या लाडक्या ड्यूक ऑफ बकिंगहॅमवर सभासदांचा भरवसा नव्हता. स्पेनमधल्या काडिझ बंदरावरच्या स्वारीचा त्याने जो बोजवारा उडवला त्यामुळे उरलासुरलाही गेला. चार्ल्सने काय केलं? मंजुरीची वाट न बघता जकात वसूल करत राहिला. त्याच्या लेखी हा त्याचा वडिलोपार्जित हक्क, सभासदांच्या लेखी सरळ चोरी. पुढच्या वर्षी कॉमन्सने बकिंगहॅमवर महाभियोग चालवायला घेतला, तर राजाने पार्लमेंटच बरखास्त केलं.

मग आलं सक्तीचं कर्ज. नावाला कर्ज, परतफेडीची आशा कोणी धरत नव्हतं. ज्यांनी द्यायला नकार दिला त्यांतले कित्येक कैदेत गेले. त्यांतल्या पाच सरदारांनी न्यायालयात विचारलं, आमचा गुन्हा काय? उत्तर आलं, 'राजाच्या खास हुकमावरून.' बस्स, एवढंच. न्यायाधीशांनी त्यांना जामिनावर सोडलं नाही.

याचा परिणाम म्हणजे 1628 चा प्रसिद्ध हक्कांचा अर्ज. एडवर्ड कोक या म्हाताऱ्या, कायदा कोळून प्यालेल्या माणसाचा त्यात मोठा हात. मागण्या चारच. पार्लमेंटच्या संमतीशिवाय कर नको, कारण न सांगता कैद नको, लोकांच्या घरात सैनिक उतरवू नका, शांततेच्या काळात लष्करी कायदा लावू नका. मांडणी बघा कशी हुशारीची: आम्ही नवीन काही मागत नाही, हे आमचे जुनेच हक्क आहेत, फक्त आठवण करून देतोय. आपल्या राज्यघटनेच्या कलम 265 मध्ये कायद्याच्या अधिकाराशिवाय कर बसवता किंवा गोळा करता येणार नाही असं एका वाक्यात लिहिलंय. ते वाचताना कोकची आठवण होते. विधिमंडळात पुरवणी मागण्यांवरून गोंधळ सुरू असतो तेव्हाही होते, पण ते असो.

चार्ल्सने या अर्जावर आधी गोलमोल उत्तर दिलं. सभासद संतापले, तेव्हा काही दिवसांनी त्याने ठराविक फ्रेंच शब्दांत रीतसर मंजुरी दिली. लोकांनी घंटा वाजवल्या, रस्त्यात होळ्या पेटवल्या. मग राजाने सांगितलं की जकातीला हा अर्ज लागू होत नाही. शब्दशः बघितलं तर त्याचं म्हणणं मांडता येण्यासारखं होतं, अर्जात जकातीचा स्पष्ट उल्लेख नव्हता. पण समोरच्याला जे कळलं ते वेगळंच: हा माणूस सही करतो आणि मग सहीतली फट शोधतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बकिंगहॅमचा पोर्टस्मथला खून झाला. लोकांनी खुनी फेल्टनच्या नावाने प्याले उंचावले, हे राजा विसरला नाही. या पार्श्वभूमीवर मार्च 1629 चा तो दिवस उजाडला आणि फिंच खुर्चीत दाबला गेला.

चार्ल्सने पार्लमेंट घरी पाठवलं आणि 11 वर्षं बोलावलंच नाही. एलियट टॉवरमध्ये, म्हणजे लंडनच्या किल्ल्यातल्या तुरुंगात, कैदेत पडला, 1632 मध्ये तिथेच क्षयाने मेला. मुलाने वडिलांचा देह गावी न्यायची परवानगी मागितली, तर राजाने अर्जावर शेरा मारला की जिथे मेला तिथल्याच चर्चमध्ये पुरा. माणूस ओळखायला कधी कधी असा एक शेरा पुरतो.

ही 11 वर्षं म्हणजे नुसता अंधार होता असं मात्र नाही. युद्धं थांबवली होती, देश शांत होता आणि शेजारच्या फ्रान्सच्या मानाने करांचा बोजा हलकाच होता. पण पैसा कुठून आणायचा? राजाच्या वकिलांनी जुनी दप्तरं उपसायला सुरुवात केली. सापडलं एक: वर्षाला 40 पौंड उत्पन्नाची जमीन असणाऱ्याने राज्याभिषेकाला हजर राहून सरदारकी घ्यायची, असा कधीकाळचा नियम. तुम्ही आला नव्हतात? भरा दंड. यातून पावणेदोन लाख पौंडांच्या आसपास रक्कम मिळाली. शेकडो वर्षांपूर्वीच्या राजवनांच्या हद्दी काढल्या आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना अतिक्रमणाचा दंड लावला. मक्ते विकले. साबणाचा मक्ता घेतलेल्या कंपनीत कॅथलिक लोक होते, म्हणून बायका त्याला 'पोपचा साबण' म्हणायच्या आणि हात फोडतो म्हणून नावं ठेवायच्या. शेवटी लंडनमध्ये दोन धोबिणींना समोरासमोर बसवून नव्या-जुन्या साबणाने जाहीर धुणं धुवायला लावलं. निकाल अर्थातच नव्या साबणाच्या बाजूने लागला. कोणाचाही विश्वास बसला नाही.

सगळ्यांत मोठी उडी होती जहाजपट्टीची. समुद्रावर संकट आलं तर किनाऱ्यावरच्या गावांनी राजाला जहाजं द्यायची किंवा त्यांचे पैसे, ही जुनी पद्धत. 1634 मध्ये चार्ल्सने ती लावली. 1635 मध्ये किनारा ज्यांनी बघितलाही नाही अशा आतल्या परगण्यांनाही लावली. मग दर वर्षी. वर्षाला दोन लाख पौंडांच्या घरात मागणी आणि सुरुवातीला वसुली जवळजवळ पूर्ण. पैसा खरोखर आरमारावरच गेला, हेही नोंदवायला हवं. पण लोकांच्या लक्षात आलं की दर वर्षी येणारं 'संकट' म्हणजे कायमचा कर, आणि कायमचा कर मिळाला की राजाला पार्लमेंटची गरज उरणार नाही.

बकिंगहॅमशायरचा जमीनदार जॉन हॅम्पडेन याने आपल्या वाट्याचे पैसे भरले नाहीत. खटला ज्या रकमेवरून उभा राहिला ती होती 20 शिलिंग, म्हणजे एक पौंड. त्याला ती सहज झेपली असती. त्याच्या वकिलाचा एक मुद्दा इतका साधा होता की आजही वाचताना हसू येतं. राजाच्या हुकमात जहाजं तयार करायला सुमारे सात महिन्यांची मुदत दिली होती. सात महिने थांबू शकणारं हे कसलं संकट? तेवढ्यात पार्लमेंट बोलावून रीतसर पैसे मागता आले असते की! 12 न्यायाधीशांपुढे प्रकरण चाललं. 1638 मध्ये निकाल लागला, सात विरुद्ध पाच. राजा जिंकला.

जिंकला, पण कसा? राजाने नेमलेल्या, राजा काढू शकणाऱ्या न्यायाधीशांपैकीही पाच जण विरोधात गेले, हीच बातमी गावोगाव पोचली. शिवाय बाजूने निकाल देणाऱ्या एका न्यायाधीशाने असं लिहिलं की राजाचा प्रजेवरचा, त्यांच्या मालावरचा आणि पैशावरचा अधिकार काढून घेणारा पार्लमेंटचा कोणताही कायदा मुळातच रद्दबातल आहे. ज्यांना जहाजपट्टी सोसवत होती तेही हे वाचून दचकले. हा न्यायाधीश कोण? सर जॉन फिंच. खुर्चीत रडलेला तोच.

इथवर चार्ल्स कसाबसा निभावत होता. घोटाळा केला त्याच्याच दुसऱ्या राज्याने. तो स्कॉटलंडचाही राजा होता, आणि 1637 मध्ये त्याने तिथल्या चर्चवर इंग्लिश वळणाचं नवं प्रार्थनापुस्तक लादलं. एडिनबरोच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये ते वाचायला सुरुवात होताच बायकांनी बसायची स्टुलं फेकून मारली. पुढच्या वर्षी हजारो स्कॉट लोकांनी आपला धर्म राखण्याच्या करारावर सह्या केल्या आणि मग सैन्य उभारलं. आता युद्ध करायचं तर जहाजपट्टीने भागणार नव्हतं. एप्रिल 1640 मध्ये, 11 वर्षांनी, पार्लमेंट बोलवावं लागलं. राजा म्हणाला, 12 सबसिड्या द्या, जहाजपट्टी सोडतो. सभासद म्हणाले, आधी 11 वर्षांचा हिशोब. तीन आठवड्यांत राजाने त्यांना परत घालवलं.

मग पैशासाठी काय काय केलं नाही! ईस्ट इंडिया कंपनी, म्हणजे सुरतेत वखार असलेली आपल्या ओळखीची तीच, तिच्या गोदामात सुमारे सहा लाख पौंड वजनाची मिरी पडली होती. राजाने ती सगळी उधारीवर घेतली, किंमत 63 हजार पौंडांच्या वर, आणि लगेच रोखीने 50 हजारांच्या आसपास विकून टाकली. म्हणजे हातात चार दमड्या याव्यात म्हणून उधारीचा माल तोट्यात फुंकला. दिवाळं निघायच्या बेतात आलेला दुकानदार हेच करतो. कंपनी पुढे कित्येक वर्षं या बाकीसाठी हेलपाटे घालत राहिली.

एवढं करून लढाई हरलीच. स्कॉट सैन्याने न्यूकॅसल घेतलं, म्हणजे लंडनच्या चुलींचा कोळसाच त्यांच्या ताब्यात गेला, आणि तह होईपर्यंत रोजचे 850 पौंड मागितले. रोजचे! आता पार्लमेंट बोलवायचं आणि ते टिकूही द्यायचं, याशिवाय इलाज नव्हता. 3 नोव्हेंबर 1640 ला ते भरलं. त्याला बरखास्त केलं तर स्कॉटांना पैसे कोण देणार, ही गोम सभासदांना पक्की ठाऊक होती.

कॉमन्समधला सभासद जॉन पिम याच्या पुढाकाराने त्यांनी झपाट्याने कामं उरकली. पार्लमेंट किमान तीन वर्षांतून एकदा भरलंच पाहिजे, राजाने बोलावलं नाही तरी. जहाजपट्टी बेकायदा. राजाची खास न्यायालयं बंद. फिंच जीव मुठीत धरून हॉलंडला पळाला. राजाचा सगळ्यांत कर्तबगार मंत्री स्ट्रॅफर्ड याच्यावर देशद्रोह सिद्ध होईना, तेव्हा त्याला मारण्यासाठी वेगळा कायदाच केला. इथे पार्लमेंटने न्यायाचं नाव घेऊन सूड उगवला असं मला वाटतं. तुझ्या केसालाही धक्का लागू देणार नाही, असं वचन चार्ल्सने स्ट्रॅफर्डला दिलं होतं. बाहेर लंडनचा जमाव ओरडत होता. राजाने सही केली. त्याच दिवशी आणखी एका कायद्यावर सही केली, की हे पार्लमेंट स्वतःच्या संमतीशिवाय बरखास्त होणार नाही. 12 मे 1641 ला स्ट्रॅफर्डचं डोकं उडालं.

पैशाचा प्रश्न तर सुटला होता. मग युद्ध का झालं? ऑक्टोबर 1641 मध्ये आयर्लंडमध्ये उठाव झाला. तो मोडायला सैन्य हवं, यावर राजा आणि पार्लमेंट यांचं एकमत. पण ते कोणाच्या हाताखाली द्यायचं? शेकडो वर्षं सैन्य राजाचंच असायचं, यात शंका घ्यायचं कोणाच्या मनातही आलं नसतं. पण ज्याने हक्कांच्या अर्जात फट शोधली, स्ट्रॅफर्डला दिलेला शब्द पाळला नाही, तो हे सैन्य आयर्लंडनंतर आपल्यावरच वळवणार नाही कशावरून? राजाच्या चुकांची लांबलचक जंत्री कॉमन्सने नोव्हेंबरात मध्यरात्र उलटून गेल्यावर मंजूर केली, 159 विरुद्ध 148. आकडे बघा. एका वर्षापूर्वी राजाच्या बाजूने बोलायला माणूस मिळत नव्हता, आता जवळजवळ अर्धं सभागृह पार्लमेंट फार पुढे चाललंय म्हणून बिचकून त्याच्याकडे सरकलं होतं. चार्ल्सने नुसतं गप्प बसायचं होतं.

तो गप्प बसला नाही. 4 जानेवारी 1642 च्या दुपारी पाच सभासदांना पकडायला तो स्वतः निघाला. पिम, हॅम्पडेन, हेसलरिग, स्ट्रोड आणि होल्स. हो, फिंचला दाबून धरणारा होल्स. बरोबर शेकडो हत्यारबंद माणसं. राजाने कॉमन्सच्या सभागृहात पाऊल टाकायचं नाही हा संकेत. चार्ल्स आत शिरला. दार मुद्दाम उघडं ठेवलं होतं, बाहेरच्या तलवारी आणि पिस्तुलं आतल्यांना दिसावीत म्हणून. सभासद टोप्या काढून उभे राहिले. तो चालत सभापतीपर्यंत गेला आणि म्हणाला, "सभापती, तुमची खुर्ची जरा उसनी घेतो."

त्याने बाकांवरून नजर फिरवली. पाचांपैकी कोणी दिसेना. बातमी आधीच फुटली होती आणि ते नावेत बसून थेम्समधून शहराकडे निसटले होते. तो सभापतीकडे वळला, ते कुठे आहेत? सभापती होता विल्यम लेंथॉल. फार शूर म्हणून त्याची ख्याती नव्हती. तो गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "महाराज, या जागी मला बघायला डोळे नाहीत आणि बोलायला जीभ नाही. हे सभागृह सांगेल तेवढंच मी बघतो आणि बोलतो. मी इथला सेवक आहे."

"पाखरं उडाली म्हणायची," असं काहीसं बोलून चार्ल्स परत फिरला. मागून "हक्क! सभागृहाचा हक्क!" अशा आरोळ्या उठल्या.

राजा बोलत होता तेव्हा जॉन रशवर्थ नावाचा तरुण कारकून टेबलाशी बसून लघुलिपीत टिपून घेत होता. संध्याकाळी राजाने त्याला वाड्यावर बोलावलं आणि त्या टिपणाची नक्कल मागितली. रशवर्थने हात जोडले. सभागृहात काय बोललं गेलं ते राजाला सांगितलं म्हणून मागे एकाला टॉवरमध्ये जावं लागलं होतं, त्याची त्याने आठवण करून दिली. चार्ल्स म्हणाला, सभासद काय बोलले ते मी विचारतच नाही, मी स्वतः काय बोललो तेवढंच दे. रशवर्थने तिथेच बसून नक्कल उतरवली. राजाने ती वाचली, दुरुस्त केली आणि छापायला पाठवली.

10 जानेवारीला तो बायको-मुलांना घेऊन लंडन सोडून गेला. परत आला तो सात वर्षांनी, कैदी म्हणून.